पडद्यावरचा हात

ज्ञानेश : ताई, थर्माकोल कुठं गेलं? खोक्यात दिसत नाहीये.

प्रतिभा : लपवलंय.

ज्ञानेश : मस्करी नको. पुण्याचा माणूस उद्या सकाळी येणार आहे. गेमचं मशीन नीट भरून ठेवायला हवं.

प्रतिभा : मस्करी नाही करत. झेरॉक्सच्या कागदांमागे आहे. देणार नाही.

ज्ञानेश : अगं, हे बिघडलेलं घेऊन तो मला बटणांची दोन मशीनं देतोय.

प्रतिभा : बिघडलंय हे त्याला सांगितलंस?

ज्ञानेश : सांगितलं की. म्हणाला, सुट्या भागांना कामाला येईल. तो देतोय तीही काही नवी नाहीत. पण चालतात. कुणी बटण दाबलं की गाडी वळते, बॅट फिरते. आणखी काय पाहिजे?

प्रतिभा : हेही चालतं.

ज्ञानेश : ताई, रोज संध्याकाळी गिऱ्हाइकांसमोर माझी शोभा होते. तू काउंटरवरून बघत असतेस ना? पोरगं हातातली कांडी फुग्यावर रोखतं, आणि पडद्यावरचा तो पांढरा पंजा फुगा सोडून भलतीकडे पळतो. कधी वर, कधी कोपऱ्यात. खेळ निवडायलाच जमत नाही तर खेळणार काय? काल ती कॉलेजची पोरं काय म्हणाली, ऐकलंस?

प्रतिभा : ‘दादा, तुमच्या मशीनच्या अंगात येतं.’

ज्ञानेश : तू हसलीस पण.

प्रतिभा : हसण्यासारखंच होतं. नवरात्र संपून गेलं, आणि यांच्या मशीनच्या अंगात आता आलं.

ज्ञानेश : दसऱ्यापासूनच आहे हे. उन्हाळ्यात आणलं तेव्हा कसं मख्खन चालायचं. आईने खंडेनवमीला त्याची पूजा केली, पसाभर हळदकुंकू वाहिलं, आणि तिथून हे सुरू झालं. सहादू मेकॅनिकने उघडून बघितलं. आत कुंकू सापडलं थोडं. साफ केलं, तरी तेच.

प्रतिभा : संध्याकाळी तेच. दुपारी नाही.

ज्ञानेश : दुपारी?

प्रतिभा : दुपारी नीट चालतं. एकदाही पळत नाही.

ज्ञानेश : दुपारी शटर अर्धं खाली असतं. मी घरी जेवायला मखमलाबादला. तेव्हा खेळायला येतं कोण?

प्रतिभा : येत कोणी नाही.

ज्ञानेश : मग तुला कसं कळलं?

प्रतिभा : आईला विचार.

ज्ञानेश : आई खेळते?

प्रतिभा : आई गजरे करत बसते आणि बघते.

ज्ञानेश : आणि खेळतं कोण? गाळ्यात तुम्ही दोघीच तर... ताई?

प्रतिभा : असा बघू नकोस.

ज्ञानेश : तू तर त्यानंतर कधी... म्हणजे शहाण्णवनंतर तू कधी गेमला...

प्रतिभा : कडबाकुट्टीत बोटं गेल्यापासून. बोल की पुरतं. तू एवढासा होतास तेव्हापासून त्या शब्दाशी आलास की अडखळतोस.

ज्ञानेश : मला वाटलं, तुला आता आवडत नाही. मी कितीदा म्हटलं, ताई, एक डाव टाकू. तू म्हणायचीस, पोरकटपणा आहे.

प्रतिभा : मग काय म्हणणार होते? अंगठा आणि करंगळी राहिली. अंगठा बटणावर ठेवला की ते पॅड धरायचं कशानं? दोनदा करून बघितलं होतं मी. दोनदा खाली पडलं. आणि आता तर तुमच्या पॅडांना मागच्या बाजूलाही बटणं असतात. ज्याने केली त्याने आपला स्वतःचा हात समोर धरूनच केली असणार.

ज्ञानेश : आणि हे?

प्रतिभा : ही काय, कांडी आहे. आई गजऱ्याच्या दोऱ्याने मनगटाला बांधून देते. वरचं बटण अंगठ्याखाली येतं. बाकी सगळं मनगटाचं काम. मनगट शाबूत आहे माझं.

ज्ञानेश : मग मला का नाही सांगितलंस? एवढे महिने?

प्रतिभा : तू बघायला बसला असतास.

ज्ञानेश : बसलो असतो. बिघडलं काय त्यात?

प्रतिभा : खेळ नाही रे. हात बघत बसला असतास. आत्ता बघतोयस तसा.

ज्ञानेश : ...बरं, नाही बघत. पण ताई, हट्ट करू नकोस. हा प्रकारच टिकणारा नाही. मी आणलं तेव्हा मासिकांतून सगळे लिहीत होते, बटणं गेली, आता हात हलवायचे दिवस आले. मी पण सगळ्यांना तेच सांगत सुटलो. काय झालं? पोरं दोन दिवस हात हलवतात, तिसऱ्या दिवशी म्हणतात, दादा, बाइकवालं लाव. दमतात.

प्रतिभा : दमत नाहीत. लाजतात.

ज्ञानेश : लाजतात?

प्रतिभा : मी काउंटरवरून रोज बघते. चार मित्र असले की आडवे तिडवे हात मारतात. परवा तर ट्यूबलाइट फोडली. पण एकटा आला आणि दारातून रस्त्यावरची माणसं बघायला लागली की तोच पोरगा हात अंगाशी धरतो आणि बटणांचं मागतो. बटणं दाबताना माणूस दिसत नाही कुणाला. हात हलवताना दिसतो.

ज्ञानेश : म्हणजे तेच झालं ना. मागणी बटणांनाच. आणि पुढच्या वर्ष-दोन वर्षांत तर म्हणे असं मशीन येणार की हातात काहीच धरायचं नाही. वरती कॅमेरा, समोर तुम्ही. तुम्ही हात केला की खेळातला माणूस हात करणार. मग या कांडीला तरी कोण विचारणार?

प्रतिभा : हातात काहीच नाही?

ज्ञानेश : काहीच नाही.

प्रतिभा : तो कॅमेरा बोटं मोजतो का रे?

ज्ञानेश : ...माहीत नाही.

प्रतिभा : विचार कुणाला तरी. ते येईपर्यंत हे राहू दे.

ज्ञानेश : गाळा गिऱ्हाइकांवर चालतो, ताई.

प्रतिभा : ठाऊक आहे. झेरॉक्सची निम्मी बाजू मीच चालवते. म्हणून तर मागत नव्हते. आजही मागितलं नसतं. पण तू बिघडलंय म्हणून देतोयस, आणि ते बिघडलेलं नाही. आवडत नाही म्हणून दे, चालत नाही म्हणून दे. खोट्या कारणाने देऊ नकोस.

ज्ञानेश : खोटं? बरं. लावतो. अजून दिवस आहे बाहेर. तुझ्यासमोर पळालं की थर्माकोल मुकाट्याने काढून द्यायचं.

प्रतिभा : आणि नाही पळालं तर?

ज्ञानेश : नाही पळालं तर बघू.

प्रतिभा : ‘बघू’ला काही अर्थ नाही. पुण्याला फोन करायचा.

ज्ञानेश : आधी चालू तर होऊ दे. ही पट्टी टीव्हीवर ठेवली. ही वायर मागे. हं, आलं. घे कांडी.

प्रतिभा : दोरा त्या फुलांच्या टोपलीत आहे. बांध.

ज्ञानेश : मी?

प्रतिभा : आई फुलबाजारातून यायची आहे अजून. डाव्या हाताने मला गाठ येत नाही. घट्ट बांध. राखी नाही ती, दुहेरी गाठ मार.

ज्ञानेश : लागत नाही ना?

प्रतिभा : तेरा वर्षांनी काय लागायचंय. सोड आता. आणि पडद्याकडे बघ. माझ्याकडे नाही.

ज्ञानेश : पडद्याकडेच बघतोय... अरेच्चा.

प्रतिभा : बोल.

ज्ञानेश : जागचा हलत नाहीये. जिथं दाखवतेस तिथं... ताई, लाल, लाल फोड. तो वरचा. अगं गेला, निळा... कसला नेम आहे तुझा!

प्रतिभा : कालिकेच्या यात्रेत बंदुकीने फुगे फोडायचे ना आपण, तसं. श्वास सोडून मारायचं. दुसरी कांडी घे. तू पण ये.

ज्ञानेश : मी रोज खेळतो हे. तुझी फजिती होईल.

प्रतिभा : हो का? कॅसेटवाल्या गेमवरही असंच म्हणायचास. मग रणगाडा जळायला लागला की रडायचास.

ज्ञानेश : मी नाही रडायचो.

प्रतिभा : रडायचास, आणि हरायला आलास की वायर ओढायचास. ‘लाइट गेली, लाइट गेली.’ शेजाऱ्यांचा टीव्ही चालू असायचा.

ज्ञानेश : बोलण्यात गुंतवू नकोस मला... गेला. तुझ्यामुळे गेला.

प्रतिभा : पुढचा पण गेला.

ज्ञानेश : तू दुपारचं खेळून खेळून हात बसवलायस. हे बरोबर नाही.

प्रतिभा : हरलास.

ज्ञानेश : एक डाव अजून. थांब, आई आली. आई, तुला सगळं माहीत होतं आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीस?

लताबाई : काय सांगायचं व्हतं? ती नको म्हनली, म्या नाय सांगितलं. ही टोपली घे आधी खाली. झेंडू लय पडलाय आज, कोनी विचारंना.

ज्ञानेश : तूच तर रोज मला म्हणतेस, नादी लावतोयस पोरांना, गेम गेम करून.

लताबाई : पोरांला म्हनते. हिला कुठं म्हनते? दुपारी म्या गजरा करता करता टीव्हीतला तिचा हात बगत बसते. पाची बोटं हायती त्याला.

प्रतिभा : आई, पुरे.

लताबाई : पुरे तर पुरे. सरका जरा, दिवेलागन झाली. दिवे लावू दे.

ज्ञानेश : लाव. चल ताई, नवा डाव. या खेपेला आधी मी.

प्रतिभा : मार.

ज्ञानेश : हा बघ, पिवळा... ए. ए! हे बघ. हे बघ, पळाला. वर गेला. मी इकडे रोखतोय, तो तिकडे नाचतोय. झालं? बघितलंस? आलं अंगात!

प्रतिभा : माझाही पळतोय.

ज्ञानेश : मग? म्हणे बिघडलेलं नाही.

प्रतिभा : आत्ता, या मिनिटापर्यंत नीट होतं, ज्ञानू. तू पण बघितलंस.

ज्ञानेश : गरम होत असेल. वापरलं की गरम होतं आणि पिसाळतं. दुपारी तू थोडंच खेळत असशील.

प्रतिभा : तास तास खेळते मी.

ज्ञानेश : मग व्होल्टेज असेल. संध्याकाळी सगळ्या नाशिकचे दिवे लागतात. काही का असेना, चालत नाही ना? काढ थर्माकोल.

प्रतिभा : थांब. आई आली आणि पळायला लागलं.

लताबाई : म्हंजी माझ्यामुळं? म्या हात तरी लावला का त्याला?

प्रतिभा : तुला नाही गं म्हणत.

ज्ञानेश : मी म्हणतो. कुंकू आईनेच टाकलं होतं.

लताबाई : टाकलं न्हवतं, वाह्यलं व्हतं. खंडेनवमीला तुझा बाप कुदळ-पाभरीला वाहायचा, तसं. ज्याच्यावर पोट, त्याला कुंकू. त्यात काय चुकलं माझं? त्या दिसापासनं रोज दोन दिवे लावते त्याच्यापुढं, एक या अंगाला, एक त्या अंगाला. तुझ्या धंद्यासाठी लावते, माझ्यासाठी नाय.

ज्ञानेश : बरं बाई, तुझं काही चुकलं नाही. सगळं माझं चुकलं. आणलं तेच चुकलं. ताई, कांडी सोड.

प्रतिभा : एक मिनिट विचार करू दे मला. आई, तू दसऱ्यापासून...

ज्ञानेश : विचार नको. मला दहा वेळा सहादूकडे जायचं नाही, आणि त्या पोरांकडून हसंही करून घ्यायचं नाही. तो माणूस सकाळी येईल, घेऊन जाईल, विषय संपला. हो बाजूला, पट्टी काढतो.

प्रतिभा : ओढू नकोस. ज्ञानू, वायर टीव्हीमागे अडकलीय, ओढू नकोस!

ज्ञानेश : ...तुटली.

लताबाई : तोडलीस? लहानपनाची खोड गेली नाय तुझी.

ज्ञानेश : मुद्दाम नाही तोडली! ताई, खरंच... तू रडतेस काय?

प्रतिभा : रडत नाहीये. गप्प बस. पडद्याकडे बघ.

ज्ञानेश : काय बघू? पट्टीच गेली, आता त्याला दिसणार काय? कांडी पट्टीकडे बघूनच तर...

प्रतिभा : बघ म्हणते ना.

ज्ञानेश : थांबलाय.

प्रतिभा : थांबला नाही. मी थांबवलाय. आता डावीकडे नेते. गेला? आता उजवीकडे.

ज्ञानेश : हे कसं शक्य आहे? पट्टी माझ्या हातात आहे. तुटलेली.

प्रतिभा : या पट्टीत असतं काय?

ज्ञानेश : काही नाही विशेष. दोन टोकांना बारीक दिवे. टीव्हीच्या रिमोटमध्ये असतो तसे, डोळ्याला न दिसणारे. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघितलं की जांभळट दिसतात. कांडीच्या तोंडाशी डोळा आहे, तो ते दोन दिवे बघतो आणि त्यावरून...

प्रतिभा : दोन दिवे.

ज्ञानेश : हो, दोन... आई. आई, तू दिवे कुठं ठेवतेस म्हणालीस?

लताबाई : हे काय, समोर तर हायती. टीव्हीच्या दोन अंगांला. आता यांच्यावर खापर फोडताय व्हय?

ज्ञानेश : ताई, याला चार दिवे दिसत होते!

प्रतिभा : दोन पट्टीचे, दोन आईचे. कुणाचं ऐकावं ते कळेना त्याला. आणि दसऱ्याआधी आई दिवा कुठं लावायची? माझ्या काउंटरवर. एकच.

ज्ञानेश : आणि दुपारी दिवाच नाही. आईशप्पथ. सहादूने तीन वेळा उघडलं हे मशीन. दर वेळी सकाळी!

लताबाई : म्हंजी माझे दिवे बगून ते चालतंय आता?

प्रतिभा : हो आई. तुझे दिवे बघून. पण जरा दूर आहेत एकमेकांपासून, हात सावकाश सरकतोय. जवळ आणले तर चालतील? तू म्हणशील तर. लावलेला दिवा हलवत नाहीत म्हणतेस.

लताबाई : विझवायचा नसतो. सरकवायला काय झालं. तू नको हात लावू, तेल सांडंल. मीच सरकवते. एवढे?

प्रतिभा : अजून. वीतभर अंतर ठेव. हां.

ज्ञानेश : थरथरतोय हात थोडा.

प्रतिभा : माझा नाही, ज्योत हलतेय. पंखा बंद कर.

ज्ञानेश : केला. आता बघ... अगदी टिपून बसला. मासिकवाल्यांना सांगायला पाहिजे. सगळे म्हणतात पुढं काय येणार, पुढं काय येणार. इथं आईच्या तेलावर चालतंय.

(मोबाइल वाजतो.)

प्रतिभा : तुझा आहे. पुण्याचा असेल.

ज्ञानेश : त्याचाच आहे.

प्रतिभा : उचल. हे बघ, मघाशी मी म्हटलं ते म्हटलं. बिघडलेलं नाही एवढं कळलं, माझं काम झालं. गिऱ्हाईक बटणंच मागतंय हे खरंच आहे. तू ठरव. मी रुसणार नाही.

ज्ञानेश : हॅलो. हां, बोला शेठ... हो, ऐकू येतंय... नाही, भरलं नाही अजून. ऐका ना, तुम्ही येऊ नका उगाच. मशीन देत नाही मी... नाही हो, दुसरं कोणी मागत नाहीये... बिघाड होता, सापडला... आता काय सांगू तुम्हाला, दिवा होता. दिवा, दिवा. समजावून सांगेन कधीतरी... पट्टी? ती मात्र तुटली. मिळते दुसरी, माहीत आहे... हो, गिऱ्हाईक येत नाही त्याला, तेही खरं आहे. मी कुठं नाही म्हणतो... चालवणार कोण म्हणजे? आमची ताई खेळते... ताई. मोठी बहीण... हो. ठेवतो.

लताबाई : काय म्हनला?

ज्ञानेश : म्हणाला, वेडे आहात.

लताबाई : शहाना दिसतोय मानूस.

प्रतिभा : ज्ञानू, उद्या दोन बटणांची मशीनं आली असती.

ज्ञानेश : एक जुनं आहे ना आपलं, त्यावर भागवू. आणि ते कॅमेऱ्याचं जे येणार आहे, ते आलं की आधी तुझ्यापुढं ठेवायचं. त्याने बोटं मोजली, तर पुण्याला त्याला पाठवू.

प्रतिभा : आणि माझं खेळणं? दुपारचंच ठेवू. शटर अर्धं लावून.

ज्ञानेश : ठेव. तुझी मर्जी. पण एक डाव अजून राहिलाय माझा. मघाशी दिवे आडवे आले म्हणून.

प्रतिभा : मघाशी दिवे नव्हते. मघाशी तू हरलास.

ज्ञानेश : म्हणून तर. घे... थांब. पायरीवर कोण आलं बघ. कालचीच पोरं आहेत ती, कॉलेजची.

लताबाई : आता आली ही?

ज्ञानेश : ताई, ओढणी तिथं खुर्चीवर आहे. हातावर घ्यायला देऊ का? नाहीतर मी सांगतो त्यांना, आज बंद आहे म्हणून.

प्रतिभा : बंद कशाला? दुकान आहे.

ज्ञानेश : मग दोरा सोडू?

प्रतिभा : नको. सुटायला वेळ लागेल, दुहेरी गाठ मारलीयस. त्यांना म्हणावं, बसा तिथं बाकावर. आमचा डाव चालू आहे.

ज्ञानेश : या रे. बसा. गडबड करू नका, आणि पंख्याला हात लावू नका... काय? हो, चालू झालं मशीन... दिवे? ते नंतर सांगतो. खेळ झाल्यावर. आधी ताईचा डाव आहे.

प्रतिभा : आई, डावीकडचा बारीक होतोय गं. जाईल का?

लताबाई : कसा जाईल? तू तिकडं बग. मी तेल घालते.